थंडींत रुसणारी गाडी

मार्गशीर्ष उजाडला कीं निफाडकडे पहाटेचा पारा चार-पांच अंशांपर्यंत उतरतो. द्राक्षांच्या बागांतून रात्रीं शेकोट्या पेटतात, म्हाताऱ्या माणसांच्या अंगावर दुसरी घोंगडी चढते, आणि ज्या घराच्या अंगणांत डिझेलवर चालणारी पिकअप उभी असते तेथें पहाटे पांचच्या सुमारास एक कष्टी आवाज ऐकूं येऊं लागतो. प्रथम सेलची जोमदार घरघर, मग तिचें मंदावणें, मग नुसती टकटक, आणि शेवटीं गाडीस धक्का मारण्यासाठीं घरांतील मुलांना दिलेल्या हांका.

या सदरांत आजवर आम्ही बहुतेक स्वयंपाकघरांतील व विहिरीवरील यंत्रांविषयीं लिहीत आलों. मालवाहू गाडीचा विषय कौटुंबिक मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. परंतु गेल्या पौषांत हुरड्याच्या निमित्तानें आम्ही त्या बाजूच्या एका स्नेह्यांकडे चार दिवस राहिलों होतों. आणि अशाच एका गाडीपायीं त्या घरांत जें घडलें, व जें घडतां घडतां राहिलें, तें पाहिल्यावर हा विषय घराचाच आहे अशी आमची खात्री झाली.

घर एकत्र. तीन भाऊ, त्यांच्या मुलासुनांसह सतरा माणसें, आणि घरचा दुधाचा धंदा. पहाटे पांच वाजतां कॅन भरून पिकअप नाशिकला निघावी, सहापर्यंत दूध पोंचावें, असा अनेक वर्षांचा शिरस्ता. गाडी चालविणारे गृहस्थ अकरा वर्षें त्या घरांत आहेत; घरचीं मुलें त्यांना मामा म्हणतात. दिवाळीनंतर गाडीनें दोन तक्रारी सुरू केल्या होत्या. पहाटे ती सुरू होईना; आणि आठवड्यांतून एकदां भिवंडीहून पशुखाद्याच्या गोण्या आणतांना कसारा घाटांत ती ओढीना. दोन महिन्यांत नवी बॅटरी झाली, चारहि हीटर प्लग बदलून झाले, डिझेल फिल्टर दोनदां नवा घातला, मग पंप व नोझल उतरवून कारखान्यांत तपासून आणले. चाळीस हजारांच्या वर रुपये गेले, तरी गाडी होती तशीच. आतां इंजिन उघडून बांधावें लागेल, असें कारखानदाराचें मत पडलें. आणि याच सुमारास कोणींसें नानांच्या, म्हणजे थोरल्या भावांच्या, कानांत सांगितलें कीं मामा टाकींतलें डिझेल विकून त्यांत रॉकेल ओततात. नाना तापट, पण अन्यायी नव्हेत. तरीहि एक तारखेस हिशेब चुकता करून मामांस निरोप द्यावयाचा, असें त्यांनीं मनाशीं ठरविलें होतें. आम्ही पोंचलों त्या दिवशीं महिन्याची पंचवीस तारीख होती.

पुढील हकीकत समजण्यासाठीं डिझेल इंजिन पेट कसें घेतें हें थोडें सांगितलें पाहिजे. १८५८ सालीं पॅरिसमध्यें जन्मलेल्या रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाचें इंजिन १८९७ मध्यें औग्सबुर्ग येथें यशस्वी झालें. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी टाकून इंधन पेटवितात. येथें ठिणगी मुळींच नसते. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें खालचें टोंक हातास गरम लागतें, हा अनुभव प्रत्येकाचा आहे. डिझेल इंजिनांत हेंच फार मोठ्या प्रमाणावर घडतें. आंत घेतलेली हवा सोळा ते वीसपट दाबली जाते, ती पांचशें-सहाशें अंशांपर्यंत तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत डिझेलची बारीक फवार सोडली कीं ती आपोआप पेट घेते. तेव्हां हवा पुरेशी दाबली गेली पाहिजे, ती तापलेली राहिली पाहिजे, आणि डिझेल नेमक्या वेळीं, भरपूर दाबानें व बुडबुड्यावांचून पोंचलें पाहिजे. इंजिन या तीन गोष्टींवर चालतें आणि यांपैकीं एखादी हुकली कीं अडतें.

आतां थंडी काय करते? थंडगार लोखंड हवेची उष्णता शोषून घेतें. इंजिनांतलें वंगण तेल घट्ट झाल्यामुळें तें फिरविण्यास अधिक ताकद लागते, आणि नेमकी त्याच वेळीं बॅटरीची ताकद घटलेली असते. रबरी नळ्या ताठर होतात व त्यांची पकड सैल पडते. म्हणजे थंडी स्वतः गुन्हा करीत नाहीं, ती चहाडी सांगते. उन्हाळ्यांत जें दुखणें झांकून जात होतें तें पौषांतल्या पहाटे उघडें पडतें. डिझेल थंडीनें गोठतें ही समजूत आपल्या प्रांतापुरती तरी सोडून द्यावी. डिझेलमध्यें मेणासारखे कण धरतात हें खरें. म्हणूनच लडाखसाठीं इंडियन ऑईलनें २०१९ मध्यें उणें ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारें निराळें डिझेल काढलें. परंतु आपल्याकडील थंडी पहाटेच्या दोन घटकांची. टाकीभर तेल हवेइतकें थंड होण्यापूर्वींच बहुधा सूर्य वर येतो. निफाडला गाडी अडली तर दोष डिझेलच्या गोठण्याचा नव्हे, दुसऱ्या कशाचा तरी आहे असें धरून चालावें.

तो कशाचा हें शोधावयाचें तर हत्यारांच्या आधीं डोळे वापरावे. सेल मारीत असतां एका माणसानें मागें उभें राहून धुराच्या नळीकडे पाहावें. इंजिन फिरत आहे, पण धूर अजिबात नाहीं, याचा अर्थ डिझेल आंत पोंचतच नाहीं. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल पोंचतें आहे पण पेटत नाहीं. तेथें हीटर प्लग, दाब किंवा फवारणीची वेळ यांकडे पाहावें. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानानें हवा कमी. निळसर धूर वंगण तेल जळल्याचा. या एका निरीक्षणानें निम्म्या शंका मिटतात, आणि त्यास पैसाहि पडत नाहीं. कारखान्यांत गाडी दुपारीं जाते, तेव्हां ती गरम असते. धुराची साक्ष फक्त पहाटे, आणि तीहि घरच्याच माणसांना मिळते. मोटार-मिस्त्र्यांस आम्ही दोष देत नाहीं, पण जें त्यांनीं पाहिलेलेंच नसतें त्यावर त्यांना मत द्यावें लागतें.

यानंतर बॅटरी. पूर्ण भरलेली बॅटरी विसाव्यांत सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. सेल मारतांना कांटा साडेनवाच्या खालीं जात असेल तर बॅटरी, तिचीं टोंकें किंवा चॅसिसला जोडलेली जाड तार संशयास्पद. टोंकांवरील हिरवट-पांढरा थर गरम पाण्यानें धुऊन काढल्यावर नवी बॅटरी घेण्याचा खर्च वांचल्याचीं उदाहरणें आम्हीं पाहिलीं आहेत. हीटर प्लगची परीक्षाहि सोपी आहे. त्याची जोडपट्टी सोडून बॅटरीच्या धन टोंकापासून एक तपासणीचा दिवा त्याच्या डोक्यास लावावा. दिवा लागला तर प्लगाची तार शाबूत आहे. प्लग चांगले असून त्यांपर्यंत वीज येत नसेल तर रिले गेला असेल, आणि मग चारहि प्लग बदलले तरी उपयोग नाहीं. हें सर्व ठीक असून पांढरा धूर येतच असेल, वंगण तेल कमी होत असेल, आणि इंजिन चालू असतां तेल घालण्याच्या तोंडाचें झांकण काढल्यावर तेथून जोराचा फुसकारा येत असेल, तरच रिंगा झिजल्याचा संशय घ्यावा. त्याहि वेळीं इंजिन उघडण्यापूर्वीं दाब मोजून घ्यावा. चांगल्या इंजिनांत तो चौरस सेंटिमीटरला साधारण २५ ते ३० किलो भरतो, आणि सर्व सिलिंडरांत जवळजवळ सारखा असावा लागतो.

आमच्या स्नेह्यांच्या गाडीस धूर येत नव्हता. पहाटे आम्ही स्वतः शाल पांघरून मागें उभे राहिलों. मामा सेल मारीत होते आणि नळींतून नुसती थंड हवा येत होती. मग त्यांनीं बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप वीस-पंचवीस वेळां दाबला. तो प्रथम अगदीं पोकळ लागला, मग जड झाला, आणि त्यानंतर गाडी चार झटके देऊन सुरू झाली. म्हणजे रात्रीं भरलेली नळी सकाळीं रिकामी होत होती. “एअर घेते, नाना,” मामा म्हणाले. “मी हें दिवाळीपासून सांगतों आहें.” नानांनीं कांहीं उत्तर दिलें नाहीं.

दुपारीं ओटीवर हीच चर्चा चालली असतां धाकट्या सूनबाई दुधाची वही घेऊन आल्या. किती दूध गेलें आणि गाडी किती वाजतां निघाली हें त्या रोज टिपून ठेवतात. सासऱ्यांसमोर गाडीच्या गोष्टींत बोलावें कीं न बोलावें असा क्षणभर संकोच करून त्या म्हणाल्या, “नाना, दर सोमवारीं गाडी वेळेवर निघते. रविवारीं अंगण धुतात ना, तेव्हां मामा ती गोठ्यामागच्या उतारावर लावतात.” वही उघडून पाहिली. नऊ सोमवारांपैकीं आठ सोमवारीं पांचाच्या आंत. बाकीच्या दिवशीं सव्वापांच, साडेपांच, एकदां तर सहा. थंडी सोमवारीं निराळी नसते.

गोठ्यामागचा उतार चांगलाच तीव्र आहे. तेथें गाडीचें तोंड खालीं व टाकी वर राहते. डिझेल टाकींतून इंजिनाकडे पंपाच्या ओढीनें येतें. त्या वाटेवर नळीस एखादी बारीक चीर असेल तर, टाकी खालीं असतां, चिरेंतून हवा आंत शिरते आणि नळींतलें डिझेल रात्रभरांत हळूहळू टाकींत परत उतरतें. टाकी वर असली तर उलट घडतें. डिझेल चिरेंतून बाहेर पाझरेल, पण नळी रिकामी होणार नाहीं. आम्ही सारेजण उतारावर गेलों. सोमवारीं जेथें गाडी उभी होती तेथें मातींत तळहाताएवढा काळा डाग होता. बरोबर त्याच्या वर, चॅसिसवरून नळी इंजिनाकडे वळते त्या ठिकाणीं, रबर तडकलेलें आणि क्लिप सैल.

येथेंच थांबलों असतों तर अर्धें दुखणें तसेंच राहिलें असतें. नळी बदलल्यावर गाडी सकाळीं सुरू झाली असती, पण घाटांत ओढली नसती. मामांना आम्हीं विचारलें कीं घाटांत ती एकदम मरते कीं हळूहळू, आणि थांबविल्यावर काय होतें. ते म्हणाले कीं निम्म्या चढापर्यंत ठीक ओढते, मग हळूहळू दम सोडते. दहा मिनिटें कडेला उभी केली कीं पुन्हां ताजीतवानी. काळा धूर नाहीं. हें महत्त्वाचें. हवेचा फिल्टर चोंदला असता किंवा टर्बोची नळी फाटली असती तर काळा धूर आला असता, आणि फाटलेल्या नळीची शीळहि ऐकूं आली असती. क्लच घसरत असता तर इंजिनाचा आवाज वाढूनहि वेग वाढला नसता. ब्रेक धरून राहत असते तर थांबल्यावर एखादें चाक तापलेलें आढळलें असतें. गाडी ओढत नाहीं म्हणून इंजिनावर खर्च करणाऱ्यांपैकीं कांहींचें खरें दुखणें चाकाशींच असतें. विसाव्यानंतर शक्ति परत येते आणि पुन्हां जाते, ही मात्र डिझेलच्या वाटेंत अडथळा असल्याची ठळक खूण आहे. ओढ असेपर्यंत कचरा तोंडाशीं चिकटतो. ओढ थांबली कीं तो गळून पडतो.

तरीहि अंदाजावर विसंबूं नये म्हणून मामांनीं एक प्रयोग केला. रात्रीं गाडी मुद्दाम सपाट जागेवर लावली, टाकीकडून येणारी नळी पंपापाशीं सोडली, आणि तिच्या जागीं नवी पारदर्शक नळी लावून ती पेट्रोलपंपावरून आणलेल्या स्वच्छ डिझेलच्या कॅनमध्यें सोडली. कॅन पंपाहून उंच, पक्का बांधून ठेवला. पहाटे पारा पांचावर होता. दुसऱ्या सेलला गाडी सुरू झाली. मग तीच पारदर्शक नळी टाकीच्या नळीस जोडून इंजिन जोरानें फिरविल्यावर तींतून बुडबुड्यांची माळच वाहतांना दिसली. नाना जवळ उभे राहून पाहत होते.

टाकी उतरविली तेव्हां आंतल्या शोषनळीच्या टोंकावरची जाळी दिसेनाशी झाली होती. तिच्यावर तपकिरी, बुळबुळीत थर बसलेला, आणि तळाशीं गंजाचे कण व पेलाभर पाणी. जाळी अशी चोंदल्यामुळें पंपाची ओढ वाढली होती, आणि त्या वाढलेल्या ओढीनें तडकलेल्या रबरांतून हवा खेंचली जात होती. दोन तक्रारी दिसत होत्या, मूळ एकच होतें. फिल्टर दोनदां बदलूनहि उपयोग झाला नाहीं, कारण अडथळा फिल्टरच्या अलीकडे होता.

हा गाळ आला कोठून? सगळ्यांच्या नजरा मामांकडे वळण्याच्या आधींच नाना खालीं बसले. भाद्रपदांत, भाव वाढणार असें ऐकून, त्यांनीं दोनशें लिटरांचें एक पिंप डिझेल भरून घेतलें होतें. पिंप गोठ्याबाहेर उघड्यावर उभें होतें, आणि त्यांतूनच पत्र्याच्या डब्यानें टाकी भरली जात असे. उभ्या पिंपाच्या माथ्यावर पावसाचें पाणी साचतें. दिवसा पिंप तापतें, रात्रीं निवतें, आणि निवतांना आंतील हवा आकसून बुचाच्या आट्यांतून तें पाणी आंत ओढलें जातें. डिझेल व पाणी यांच्या संगमावर सूक्ष्म जंतु वाढतात. तो बुळबुळीत थर त्यांचाच. डिझेल साठवावयाचेंच असेल तर पिंप छपराखालीं, आडवें, दोन्ही बुचें आंतील तेलाखालीं राहतील असें ठेवावें, आणि तळचें चार बोटें तेल गाडींत घालूं नये. रॉकेल त्या टाकींत नव्हतें. वास घेऊन नानांनीं स्वतःच तसें सांगितलें.

टाकी धुतली, जाळी साफ केली, पुढचा फिल्टर नवा घातला, दोन हात नळी व दोन क्लिपा बदलल्या. या साऱ्यास हजाराच्या आंत रुपये पडले. पुढच्या फेरीस भाऊ, म्हणजे मधले बंधु, मुद्दाम मामांच्या शेजारीं बसून गेले. गाडी कसारा घाट कोठेंहि न थांबतां चढली.

ज्यांच्या घरीं अलीकडची गाडी आहे त्यांच्यासाठीं थोडें निराळें लिहिणें जरूर आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बी.एस. ६ नियमांच्या गाड्यांत, व त्यापूर्वींच्याहि बऱ्याच गाड्यांत, ‘कॉमन रेल’ पद्धतीचा पुरवठा असतो. तेथें डिझेलचा दाब वातावरणाच्या सोळाशेंपट किंवा त्याहूनहि अधिक चढतो. जुन्या गाडींत नोझलचा नट सैल करून एअर काढण्याची जी संवय मिस्त्र्यांच्या हाताला आहे ती येथें प्राणघातक ठरूं शकते. अशी धार कातडी भेदून मांसांत शिरते आणि तिच्यावर तांतडीनें शस्त्रक्रिया करावी लागते. अशी गाडी पहाटे सुरू होत नसेल तर पुष्कळदां झिजलेले इंजेक्टर डिझेल परतीच्या नळींतून सोडून देत असतात, त्यामुळें सेल मारतांना पेट घेण्याइतका दाब बनत नाहीं. प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी निरनिराळ्या बाटलींत सोडून कोणाची बाटली अधिक भरते हें पाहण्याची परीक्षा कारखान्यांत करून मिळते. पंप बदलण्यास होकार देण्यापूर्वीं ती मागावी. शक्ति एकाएकीं निम्मी झाली असेल आणि समोर पिवळा दिवा लागला असेल तर धुराच्या वाटेवरील काजळीची गाळणी भरली असण्याचा संभव असतो. आणि जुनी असो वा नवी, हवा ओढण्याच्या तोंडाशीं पेटता बोळा धरणें किंवा ईथरचा फवारा मारणें या युक्त्या कोणीं सांगितल्या तरी करूं नयेत. हीटर प्लग तापलेले असतां ईथर वेळेआधींच भडकतें, आणि पिस्टन फुटल्याचीं उदाहरणें आहेत.

एक तारखेस आम्ही परत निघालों. पहाटे साडेचारलाच नाना उठून बाहेर आलेले दिसले. मामा गाडीपाशीं कॅन चढवीत होते. हिशेबाच्या गोष्टीची कुणकुण त्यांनाहि लागलेली असावी, कारण त्यांनीं वर पाहिलें नाहीं. नाना जवळ गेले आणि म्हणाले, “पिंप भंगारवाल्याला देऊन टाक आज. माझ्या हातून चूक झाली, आणि मीं दुसऱ्याच कोणाचें ऐकत बसलों.” मामा थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “डिझेल नाशिकहूनच भरत जाईन, नाना. पावती सूनबाईंकडे देत जाईन.” “पावती नको,” नाना म्हणाले. “नको कशी? वहींत लिहावी लागते,” असें सूनबाई आंतून म्हणाल्या. दुधाच्या वहींत आतां एक रकाना वाढला आहे, त्यांत डिझेल किती व कोठून, आणि फिल्टर केव्हां बदलला हें लिहिलेलें असतें. गाडी त्या दिवशीं पांचाला पांच कमी असतां निघाली.